ऑरगॅनिक मॅप्स आणि स्लोव्हेनियाची ट्रिप: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ऑरगॅनिक मॅप्स हे नकाशाचं ॲप फुकट आहे, ओपनस्ट्रीटमॅपच्या (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) डेटावर चालतं, नकाशा एकदा डाउनलोड केला की नेट लागत नाही. हे बऱ्याच जणांना माहितीये. मी लिहितेय ते वेगळ्या कारणासाठी. आईबाबांना घेऊन स्लोव्हेनियाला जायचं होतं, दोघं सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखतात, आणि अख्खं प्लॅनिंग पुण्यात बसून ह्याच ॲपवर झालं, मग तिकडेही रोज तेच वापरलं.

देश छोटा, साधारण 20 हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या 21 लाखांच्या आसपास. म्हणून जो तो सांगतो की राजधानीत, ल्युब्लियानाला मुक्काम ठेवा आणि रोज जाऊन-येऊन सगळं बघा. पोस्टोइनाची गुहा किंवा समुद्राकाठचं पिरान, इथपर्यंत ते चालतं, बराचसा हायवेच आहे. पण वायव्येला आल्प्स सुरू झाले की किलोमीटर बघून काही ठरवू नका. क्रान्स्का गोरा आणि बोवेत्स ही गावं नकाशावर अगदी शेजारी वाटतात आणि मधे 1611 मीटरवरची वर्शिच खिंड आहे, 50 हेअरपिन वळणं, आपल्या वरंधा घाटासारखं एकामागून एक वळण, आणि हिवाळ्यात बर्फामुळे बरेचदा बंद. ॲपमधे कंटूरचा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघांचा लेअर चालू केला की हे घरबसल्या दिसतं. जिथे रेघा एकमेकींना चिकटल्यात तिथे सरळ दुप्पट वेळ धरायचा असं आम्ही ठरवलं आणि ते बरोबर निघालं. त्यामुळेच दोन मुक्काम केले, एक ल्युब्लियानाला आणि एक आल्प्समधे, बोहिनच्या तळ्यापाशी.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो चढउताराच्या आलेखाचा. चालायचा रूट टाकला की खाली येतं किती मीटर चढ आणि किती उतार, आणि पायऱ्या नकाशावर वेगळ्या काढलेल्या असतात. बोहिनजवळचा सावित्सा धबधबा सगळ्यांच्या यादीत असतो, फोटो बघून आईलाही जायचं होतं, पण पार्किंगपासून वर पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत. तो यादीतून काढला. त्याऐवजी वोगेलची केबल कार घेतली, थेट दीड हजार मीटरवर नेऊन सोडते, खाली अख्खं तळं आणि समोर त्रिग्लाव, देशातलं सगळ्यात उंच शिखर, आई बाकावरून उठायलाच तयार नव्हती. विंटगारची घळ मात्र केली, लाकडी फळ्यांवरून नदीच्या अंगाने चालायचं. तिथे वाट एकेरी आहे, परत यायला वेगळा रस्ता घ्यावा लागतो आणि त्याला चढ आहे हे लोक सांगतच नाहीत, आलेखात आधी दिसलं म्हणून त्या दिवशी दुसरं काहीच ठेवलं नाही.

गुहांच्या आतलं अर्थात हे ॲप सांगणार नाही, ते त्यांच्या वेबसाइटवर वाचावं लागतं. श्कोत्स्यानची गुहा 1986 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, जमिनीखालून नदी वाहते, पण पायऱ्या भरपूर. पोस्टोइनात आत छोटी ट्रेन नेते आणि चालायचं जेमतेम दीड किलोमीटर. गुडघेवाल्यांनी पोस्टोइना, डोळे झाकून. स्वेटर मात्र घ्या, आत बाराही महिने 10 डिग्रीच्या आसपास असतं.

अजून एक गोष्ट. बोहिनहून सोचा नदीच्या खोऱ्यात गाडीने जायचं तर घाटच घाट, पण नकाशावर बोहिन्स्का बिस्त्रित्सापासून रेल्वेची तुटक रेघ डोंगराखालून जाताना दिसली, शोधलं तर तो 1906 च्या लाइनवरचा सहा किलोमीटरहून लांब बोगदा निघाला आणि त्यातून मोटारी नेणारी ट्रेन चालते! गाडी वॅगनवर चढवायची आणि पलीकडे उतरवायची. बाबा आयुष्यभर रेल्वेत होते, त्यांचा चेहरा बघायला हवा होता.

बस आणि ट्रेनचं टाइमटेबल यात नाही, ट्रॅफिकही दिसत नाही, त्यासाठी दुसरं ॲप ठेवावंच लागतं. पण स्टेशन नक्की कुठेय ते कळतं आणि ब्लेड या तळ्याकाठच्या गावाला ते महत्त्वाचं आहे, कारण स्टेशनं दोन आहेत. लेस्त्से-ब्लेड मेन लाइनवर, तळ्यापासून चारेक किलोमीटर लांब. ब्लेड येझेरो तळ्याच्या वरच्या अंगाला, पण बोहिनच्या लाइनवर. ल्युब्लियानाहून नुसतं ब्लेडला जायचं असेल तर बस बरी, गावात सोडते.

ॲपमधे नकाशावर खूण म्हणून लावलेल्या पिनांना वेगवेगळे रंग देता येतात. मुक्काम लाल, बघायचं हिरवं, सुपरमार्केट पिवळं. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला दिवसवार प्लॅन जोडायचा असतो, आणि ज्या देशात जास्त रात्री त्याच देशाकडे अर्ज. आम्ही व्हेनिसला उतरणार होतो म्हणून इटलीच्या रात्री मोजून कमी ठेवल्या, लाल पिना बघत बघत ते पटकन झालं.

आता माझी मावसबहीण मुलांना घेऊन जूनमधे जातेय, पिनांची फाइल तिला व्हॉट्सॲप केली. तिने सावित्सा परत टाकलंय आणि वर्शिचही, मुलं दहा-बारा वर्षांची आहेत, जमेल त्यांना.