गच्चीवरचा पांढरा रंग: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

सोलापुरातलं दुमजली घर, वरच्या खोल्यांच्या डोक्यावर थेट स्लॅब. मार्चच्या सुरुवातीला गच्चीवर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात मारून घेतले. आता दिवाळी उलटलीय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

फरक पडतो, आणि तो आधी तळपायाला कळतो. यंदा कुरडया पालटायला भर दुपारी अनवाणी गच्चीवर जाता आलं. घरातली कमाई मात्र रात्रीची. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहा-अकराला ती धग खाली सोडतो; पंखा तीच छताजवळची गरम हवा अंगावर ढकलत बसतो. हे भाजणं बरंच उतरलं.

पण दुकानदार सांगतात तसं नुसत्या रंगाने घर गार होत नाही. रंग वरून येणारं ऊन अडवतो. आत साठलेली उष्णता बाहेर काढायचं काम वाऱ्याचं. मे महिन्यात इथे दुपारी पारा ४०च्या आसपास, कधी त्याच्याही वर जातो, पहाटे २५च्या आसपास उतरतो. सगळा खेळ या फरकावर. म्हणून सकाळी नऊनंतर खिडक्या-पडदे बंद, आणि रात्री सगळं सताड उघडं. जिन्यावरच्या गच्चीच्या दाराला जाळीचं दार बसवलं, तसं खरं काम झालं: गरम हवा जिन्यातून वर निघून जाते आणि खालच्या खिडक्यांतून गार हवा आत ओढली जाते. जुन्या माळवदांत, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांत, छतातलं सवणं (उजेड-वाऱ्याचं भोक) हेच करायचं.

कुरकुरीही आहेत. धूळ बसली की रंगाचा गुण कमी होतो. उन्हाळ्यात अधूनमधून खराटा मारून धुवावं लागतं. पावसाळ्यात कोपऱ्यांत शेवाळ धरलं. दुपारी गच्चीवर डोळे दिपतात. पश्चिमेच्या भिंतीला याचा काडीचा उपयोग नाही, तिथे बाहेरून हिरवी जाळीच लावली. आणि गच्ची गळत असेल तर आधी कोबा दुरुस्त करा, रंग नंतर.

शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये अशा छतांसाठी धोरणच आणलं. आपल्याकडे अजून ज्याची गच्ची त्याची हौस.

मुंबई-कोकणवाल्यांनी माझं खिडक्यांचं वेळापत्रक उचलू नये. तिथे रात्रही दमट, पारा फारसा उतरत नाही. समोरासमोरच्या खिडक्या दिवसाही उघड्या हव्यात. खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तर या रंगावर पैसेच घालू नयेत.

बजेट नसेल तर साधा चुना मारला तरी उन्हाळा निघतो. पावसात धुऊन जातो, पुढच्या मार्चला पुन्हा मारायचा.