उचलीने बांधलेला खलाशी, की हिशेब पाहून टिकलेला?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. कोकणातली बंदरं, हर्णै काय, मिरकरवाडा काय, बोटी किनाऱ्याला लागतात आणि मालकांना एकच घोर: १ ऑगस्टला खलाशी परत येतील ना?

एक वाट उचलीची. पावसाळ्यात घरखर्चाला रोख रक्कम द्यायची, म्हणजे माणूस बांधला गेला. नड भागते, हे खरं. पण उचल फिटली की दुसऱ्या मालकाची मोठी रक्कम खुणावते. काही जण तर फिटायच्या आधीच निघून जातात.

दुसरी वाट उघड्या हिशेबाची. मासळीचा लिलाव झाला की मालक वही उघडतो: इतके आले, डिझेल, बर्फ, रेशन वजा, उरल्यात तुझा वाटा हा. खलाशी आकड्यावर बोट ठेवून विचारतो, "बर्फाचे एवढे कसे?" मालक न चिडता पावती पुढे करतो. मला तर या पावतीचं मोल नोटांच्या पुडक्याहून जास्त वाटतं. डिझेलही सुटलं नाही अशा फेरीनंतर तर फारच! तोटा डोळ्यांनी पाहिलेला माणूस कमी पैशांवर कुरकुरत नाही.

अर्थात, भर समुद्रात वही कामाची नाही. तिथे वारा फिरताच मासळीवर पाणी सोडून बंदर गाठणारा तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, लागतो. अशा तांडेलाने बोट बदलली, तर खलाशीही त्याच्यामागून जातात.

उचल बंद करा, असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यातही चूल पेटायला हवी. फक्त उचल त्याच वहीत, खलाशासमोर लिहून द्यावी.