वापरलेल्या २३ फुटी जेट बोटीचे परीक्षण: इंजिनाआधी पंप पाहावा

कुटुंबासाठी घ्यायच्या वापरलेल्या जेट बोटीची पारख बहुतेक लोक गाद्यांपासून सुरू करतात. तासमापकावरचा आकडा, जेलकोटची, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या गुळगुळीत थराची, चमक आणि आसनांची शिवण पाहून मन तयार होते, आणि जो भाग बोटीला प्रत्यक्ष पुढे ढकलतो तो पिछाडीच्या खाली दडलेला असल्यामुळे न पाहताच राहून जातो. या परीक्षणातली बोट २३ फूट लांबीची, दोन इंजिने आणि दोन पंप असलेली, साधारण दहा वर्षे वापरलेली आणि मालकाच्या सांगण्यानुसार केवळ गोड्या पाण्यात चाललेली आहे. उथळ पाण्यात फिरणे, मुलांना पोहायला उतरवणे, दोराने ट्यूब ओढणे आणि अधूनमधून वेकबोर्ड, एवढीच आमच्या घरच्यांची अपेक्षा होती आणि तीच कसोटी लावून मी ती तपासली.

जेट बोटीचे तत्त्व सोपे आहे. तळाच्या जाळीतून पाणी आत येते, इंजिनाच्या शाफ्टवर फिरणारा इम्पेलर, म्हणजे पात्यांचे चक्र, ते मागे रेटतो, त्यामागची स्थिर पाती पाण्याचा पीळ मोडून त्याला सरळ करतात आणि निमुळत्या नोझलमधून वेगाने बाहेर पडणाऱ्या झोतामुळे बोट पुढे जाते. न्यूझीलंडचे बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात आपल्याकडच्या उथळ, खडकाळ नद्यांसाठी ही रचना व्यवहारात आणली, आणि १९६० मध्ये त्यांच्या जेट बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. सहलीसाठीच्या कौटुंबिक जेट बोटी मात्र १९९०च्या दशकात यामाहा आणि सी-डू यांच्यामुळे घरोघरच्या झाल्या. सी-डूची मालक कंपनी बीआरपी हिने २०१२ मध्ये अशा बोटी बनवणे थांबवले, त्यामुळे त्यांची जुनी बोट पाहताना हॅच, काचा, पॅनेल असे बोटीच्या अंगचे भाग मिळतात का, याची चौकशी आधीच केलेली बरी. इंजिन आणि पंप यांचे भाग त्या मानाने सहज मिळतात, कारण तीच यंत्रणा वॉटर स्कूटरमध्येही वापरली गेली आहे.

या रचनेत सगळा जोर एका अरुंद फटीवर अवलंबून असतो. इम्पेलरच्या पात्यांची टोके आणि त्याभोवतीची वेअर रिंग, म्हणजे झीज सोसणारे कडे, यांच्यातले अंतर चांगल्या पंपात एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. वाळू, खडी किंवा शिंपल्यांचे तुकडे आत ओढले गेले की रिंगवर चरे पडतात, पात्यांच्या कडा बोथट होतात, फट वाढते आणि पाणी मागे जाण्याऐवजी पात्यांच्या टोकांवरून परत पुढे निसटते. म्हणून या बोटी सुरू करताना तळाखाली निदान दोन-तीन फूट पाणी असावे असे सांगितले जाते. जेट बोट याहून उथळ पाण्यातही तरंगते, त्यामुळे तिथेच इंजिन सुरू करण्याचा मोह होतो, आणि आधीच्या मालकाने तो कितपत आवरला हे पंप उघड सांगतो.

बोट ट्रेलरवर असतानाच मी विजेरी घेऊन तिच्याखाली शिरलो. उजव्या पंपात बारीक ओरखडे होते, दहा वर्षांच्या वापराला साजेसे. डाव्या पंपात मात्र रिंगच्या आतल्या बाजूने एक खोल चर गोल फिरला होता. बोटाचे नख त्यात अडकत होते. तीनपैकी एका पात्याची पुढची कड आत वळली होती, आणि जाळीच्या मागे, शाफ्टला घट्ट आवळलेला, उष्णतेने वितळून चकाकणारा निळ्या नायलॉन दोराचा वेढा होता. ट्यूब ओढायचा दोर कधीतरी आत ओढला गेला असणार, तो कापून काढला असणार आणि उरलेले टोक तसेच राहिले असणार. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, लावून पाहिल्यावर डाव्या बाजूची फट उजवीपेक्षा उघडउघड मोठी भरली. इम्पेलर हाताने फिरवला तेव्हा दोन्ही बाजूंना बेअरिंगची खरखर नव्हती आणि शाफ्टला आडवा ढिलेपणा जाणवला नाही. पंपाच्या शंकूतले वंगण काढून पाहावे असा माझा आग्रह होता. ते दुधाळ निघाले असते तर सीलमधून पाणी शिरले असा अर्थ झाला असता. दोन्हीकडचे वंगण स्वच्छ होते.

पाण्यावरची चाचणी ही या परीक्षणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती रिकाम्या बोटीत घेऊ नये. घरातली जितकी माणसे एरवी बसणार, तितकी बसवून आणि इंधनाची टाकी भरून ती घ्यावी, कारण झिजलेला पंप हलक्या बोटीत आपली उणीव झाकून घेतो. आम्ही तसेच केले. संथ गतीत काहीच कळले नाही. थ्रॉटल जोरात पुढे ढकलल्यावर डाव्या इंजिनाचा आवाज एकदम वर चढला, बोट मात्र त्या मानाने उचलली गेली नाही, आणि नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, खाली येऊन बोट पाण्यावर सपाट धावू लागायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. पूर्ण थ्रॉटलवर डाव्या इंजिनाचे फेरे उजव्यापेक्षा काही शेकड्यांनी जास्त दिसत होते. मालकांनी मोठ्या अभिमानाने सांगितले की डावे इंजिन जरा जास्तच जोमदार आहे. या खुलाशाने अनेक ग्राहक सुखावतात, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवे: जेट बोटीत ज्या बाजूचे फेरे वर जातात आणि वेग वाढत नाही, ती बाजू दुबळी असते. पंपाला पाण्याची पकड मिळत नाही, इंजिनावरचा भार कमी होतो आणि ते मोकळे फिरते. याउलट फेरे कमी पडत असतील तर संशय इंजिनावर घ्यावा.

दोन इंजिनांच्या बोटीचा हा मोठा फायदा आहे, की एक बाजू दुसरीची मोजपट्टी होते. एकच इंजिन असेल तर माहितीपुस्तिकेतला आकडा हाताशी ठेवावा लागतो, आणि तो प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो. यामाहाचे १.८ लिटरचे इंजिन पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते, तर त्याच कंपनीचे जुने एमआर-१ दहा हजारांपर्यंत जाते. दुसऱ्याचा आवाज ऐकून पहिल्यांदा बसलेला माणूस दचकतो, पण त्या इंजिनाचा तो स्वभावच आहे. वेग बोटीवरच्या मापकाऐवजी जीपीएसवर पाहावा. आणि जाळीत शेवाळ अडकले तरी फेरे असेच चढतात, म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी इंजिन बंद करून पिछाडीची झाकणे उघडून आत पाहावे. आम्ही पाहिले, जाळी मोकळी होती. दोष झिजेचाच होता.

इंजिनांच्या बाबतीत माझे मत चांगले झाले. तासमापकावरचा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला निदान यंत्र जोडल्यावर इंजिन किती फेऱ्यांवर किती तास चालले याची विभागणी दिसते आणि तीत वापराची खरी सवय उमटते. या बोटीचे बहुतेक तास मध्यम गतीचे होते, पूर्ण थ्रॉटलचे अगदी थोडे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, सर्व सिलिंडरांत जवळपास सारखे आले; दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला असता तर मी तिथेच थांबलो असतो. तेल पारदर्शक तपकिरी होते, त्यात पाण्याचा मागमूस नव्हता. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र, असलेली बोट पाहणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा. सी-डूच्या जुन्या सुपरचार्ज्ड रोटॅक्स इंजिनांत सिरॅमिक वॉशर असत, आणि सुपरचार्जर ठराविक तासांनी उघडून दुरुस्त करणे हा देखभालीचाच भाग होता. ते काम झाल्याची पावती नसेल तर ते झाले नाही असेच धरून चालावे.

गोड्या पाण्याचा दावा मात्र ऐकून सोडून देऊ नये. यामाहाच्या इंजिनांत बाहेरचेच पाणी इंजिनातून फिरते, रोटॅक्समध्ये कूलंटचे बंद वर्तुळ असते. म्हणजे पहिल्या प्रकारात खारे पाणी थेट आतल्या वाहिन्यांतून जाते. बोल्टांच्या डोक्यांभोवती पांढरट भुकटी, क्लॅम्पवर गंज, सुकाणूची जड झालेली केबल, फुगलेला रंग ही खाऱ्या पाण्याची चिन्हे आहेत. इथे ती दिसली नाहीत. मालकांना इंजिन धुण्याची रीतही विचारली. आधी इंजिन सुरू करून मग नळ सोडायचा, आणि शेवटी आधी नळ बंद करून मग इंजिन थांबवायचे, हे उत्तर त्यांनी क्षणभरही न अडखळता दिले. क्रम उलटा झाला तर पाणी एक्झॉस्टच्या वाटेने इंजिनात शिरते. हा प्रश्न मला कागदपत्रांइतकाच मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर पाठ करून देता येत नाही.

फायबरग्लासचा तळ मडके वाजवून घ्यावे तसा प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेलो. आवाज सगळीकडे टणक होता. नाळेखाली वाळूवर चढवल्याचे घासलेले पट्टे आहेत, पण जेलकोटच्या खालचे कापड उघडे पडलेले नाही. कोपऱ्यांतल्या बारीक जाळीदार भेगा वरवरच्या असतात. ट्यूब ओढायच्या खांबाच्या मुळाशी किंवा पंपाच्या बैठकीजवळ त्या लांब आणि सरळ असतील तर गोष्ट वेगळी. पायाखालची जमीन कुठे दबत नाही हे अनवाणी चालून पाहिले. तळातल्या फोममध्ये पाणी मुरले आहे का, याची सर्वांत प्रामाणिक परीक्षा वजनकाट्यावर होते: ट्रेलरसह वजन करून त्यातून ट्रेलर आणि इंधन वजा केले, तर उरलेले वजन कंपनीने दिलेल्या कोरड्या वजनाच्या आसपास यायला हवे. ते आले. चाचणीआधी बिल्ज, म्हणजे गळके पाणी साचते तो बोटीचा सर्वांत खालचा भाग, कोरडी होती, आणि परतल्यावर शाफ्टच्या सीलपाशी थेंबही नव्हता. गाद्या, स्पीकर, पेल्यांचे खाचे ठीक आहेत. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

ट्रेलरची मात्र उपेक्षा झालेली आहे. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. त्यावरून टायर बोटीइतकेच जुने निघाले. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी बाजूच्या रबराला भेगा गेल्या आहेत. चाकांची बेअरिंगेही बदलावी लागतील.

आता चालवण्याविषयी. धावताना ही बोट आज्ञाधारक आहे, वळणात तिची पकड सुखावह आहे आणि पिछाडीला इंजिनांवरच पसरलेला रुंद मंच पोहणाऱ्यांसाठी उत्तम बैठक आहे. उघडा प्रोपेलर नसल्यामुळे मुलांची काळजी कमी होते, संपत मात्र नाही. चालू पंपाच्या जाळीपाशी केस, पट्टे, दोर ओढले जातात, नोझलमागचा झोत शरीराला गंभीर इजा करू शकतो, आणि इंजिन चालू असताना मंचावर बसणाऱ्याच्या नाकाशी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू येतो. कोणी पाण्यात असेल, तर इंजिन पूर्ण बंदच हवे. सुरू करण्यापूर्वी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातली इंधनाची वाफ बाहेर काढणारा पंखा, निदान चार मिनिटे चालवणे हेही तितकेच अटळ.

धक्क्याला लावताना या बोटीची खरी परीक्षा होते. थ्रॉटल सोडला की झोत मंदावतो आणि झोताबरोबर सुकाणूही जाते. समोर अडथळा दिसताच हात आपोआप थ्रॉटल मागे घेतो आणि नेमकी तेव्हाच बोट वळत नाही. अशा बोटींत खरा न्यूट्रलही नसतो. इम्पेलर फिरतच राहतो, रिव्हर्स बकेट, म्हणजे झोत उलट वळवणारे झाकण, मध्यावर आणून पुढचा आणि मागचा जोर तोलला जातो, आणि तो तोल जरासा बिघडला की बोट आपसूक सरकते. या बोटीची बकेट किंचित पुढच्या बाजूला झुकलेली होती. केबलच्या समायोजनाने ते सुधारते. दोन इंजिने असल्याचा इथेही उपयोग होतो, कारण एक पुढे आणि एक मागे टाकून ती जागच्या जागी फिरवता येते. घरात बोट चालवणाऱ्या प्रत्येकाने हे मोकळ्या पाण्यात आधी शिकून घ्यावे. आवाज आणि इंधन या दोन्ही बाबतींत प्रोपेलरच्या बोटी सरस ठरतात. दिवसभर लांब अंतर कापणाऱ्यांनी किंवा शांत मासेमारी करणाऱ्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये.

मालकांपुढे मी तीन अटी ठेवल्या: डाव्या पंपाची नवी वेअर रिंग आणि इम्पेलरची दुरुस्ती किंवा बदल, ट्रेलरचे टायर आणि बेअरिंगे, आणि या कामांनंतर भरल्या बोटीत दुसरी चाचणी, जीत दोन्ही इंजिनांचे फेरे एकमेकांशी जुळले पाहिजेत. पहिल्या दोन्हींचा खर्च किमतीतून वजा करायला ते तयार झाले. पंपाचे काम त्यांच्या ओळखीच्या कारागिराऐवजी आमच्या पसंतीच्या कार्यशाळेत व्हावे, यावरही एकमत झाले आहे, आणि दुसऱ्या चाचणीत आकडे जुळले तर आम्ही ही बोट घेणार आहोत.