मादी मोठी की नर? आपला भेक आणि आफ्रिकेतला बैलबेडूक

पावसाळ्यात डबक्याकाठी भेकांची जोडी नीट बघा: थोराड मादीच्या पाठीवर छोटा नर, पुढच्या पायांनी तिला बगलेत घट्ट आवळून बसलेला. बेडकांच्या सुमारे ९० टक्के जातींत मादीच मोठी असते. पोटात हजारो अंडी मावायची तर देह मोठा हवाच. नराला मादी गाठून पकड टिकवता आली की पुरे.

आफ्रिकी बैलबेडकाचं मात्र उलटं. त्याचीही वीण पावसातलीच, पण तिथे नर मादीहून कितीतरी मोठा. माझ्या मते खरा फरक झुंजीचा आहे. हे नर जागेसाठी भिडतात, खालच्या जबड्यातल्या दातांसारख्या सुळक्यांनी चावतात, कधी प्रतिस्पर्ध्याचा जीवही घेतात. पुढे पिल्लांची राखणही बापाकडेच! डबकं आटू लागलं की तो चर खणून त्यांना मोठ्या पाण्याकडे वाट करून देतो.