केईएफ एलएस५० मेटा, आठ महिन्यांनंतर: आलेख, साडीचा पडदा आणि काळी एकचा खर्ज

फेब्रुवारीत घेतलेले हे स्पीकर पहिल्याच महिन्यात मी विकायला काढणार होतो. लाखाच्या वर पैसे गेले होते आणि बाजूला उभे असलेले माझे बारा वर्षांचे, कमरेएवढे उंच जुने स्पीकर जास्त भरदार वाजत होते. बायको म्हणाली, "आकार बघ की दोघांचा!"

घेताना दुकानात जेमतेम वीस मिनिटं ऐकलं. खरं म्हणजे मी आलेखांवर भाळलो होतो, म्हणजे स्पीकर कोणता स्वर किती जोरात वाजवतो हे दाखवणाऱ्या रेषांवर. स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर माइक धरून ७० मापनं घेतात, त्याला स्पिनोरामा म्हणतात. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हार्मनमध्ये फ्लॉइड टूल यांनी लोकांना स्पीकर न दाखवता ऐकवले. समोरून सपाट आणि बाजूंनी न अडखळता उतरत जाणारा आलेख ज्याचा, तोच बहुतेकांना आवडला. या स्पीकरचा ट्वीटर (उंच स्वरांचा भोंगा) वूफरच्या (खालच्या स्वरांच्या भोंग्याच्या) बरोबर मधोमध आहे, म्हणून बाजूचे आलेखही देखणे येतात. बेसचं म्हणाल तर कंपनी ±३ डेसिबलमध्ये ७९ हर्ट्झपर्यंतच हमी देते, त्याखाली आवाज उतरत जातो. हे वाचूनच घेतले होते, म्हणजे तक्रारीला जागा नव्हती. तरी मन खट्टू झालंच.

पहिली चूक अगदी बाळबोध होती. दोन्ही जोड्या मी व्हॉल्यूमच्या एकाच आकड्यावर ऐकत होतो. नव्यांची संवेदनशीलता (तेवढ्याच विजेवर किती मोठ्याने वाजतात ते) ८५ डेसिबल, जुन्यांची कागदोपत्री ८९. जे जरा मोठ्याने वाजतं ते कानाला नेहमीच सरस वाटतं, आणि इथे तर चार डेसिबलचा फरक होता. मग मापनाचा यूएसबी माइक आणला, आरईडब्ल्यू हे आवाज मोजायचं फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं आणि पिंक नॉइज (धबधब्यासारखा एकसारखा खळखळाट) लावून दोन्ही जोड्या पाव डेसिबलच्या आत आणल्या. हे सगळं रात्री दोननंतर, पंखा बंद करून, एप्रिलमध्ये! आलेख काढायला वाजवलेली, २० हर्ट्झपासून वर चढत जाणारी शिट्टी ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकांनी सकाळी विचारलं, "पंप बिघडलाय का हो तुमचा?"

मग पडद्याआडची परीक्षा. आईची जुनी मलमलची साडी दोरीवर टाकली. तिने १० किलोहर्ट्झच्या वर अर्धा डेसिबल खाल्ला, पण दोन्हीकडे सारखाच. ऐकायला मी, धाकटा भाऊ आणि सासरे, जे चाळीस वर्षं हौसेने तबला वाजवतात. जोड्या बदलायला बायको, आणि तिच्या चेहऱ्यावरून ओळखू नये म्हणून तीही साडीआड. आधी दोन्ही जोड्यांतला एकेकच स्पीकर वाजवला, कारण एकट्या स्पीकरचे दोष लवकर कानात येतात. बारा फेऱ्यांत नऊ वेळा नवा निवडला गेला. सासऱ्यांनी तर दुसऱ्याच फेरीत जुन्याला उद्देशून सांगितलं, "हा बाया फुगलाय. चाट ठीक आहे, पण बायाची घिस्सी कळतच नाही." (बाया म्हणजे डग्गा, चाट म्हणजे तबल्याची कड, घिस्सी म्हणजे डग्ग्यावर तळहात घासून काढलेला आवाज.) जोडीने वाजवल्यावर मात्र निकाल जवळजवळ बरोबरीत आला. तिघांच्या कानांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण विकायचा विचार त्या रात्री गळाला.

तरी एक कोडं उरलं. बाईंचं गाणं लावलं की सगळं स्वच्छ, पुरुषाचं लावलं की तानपुरा घुमायचा. दोन महिने मी रेकॉर्डिंगला बोल लावला. मग हिशेब केला. आमचा हॉल १७ बाय १० फूट, उंची सव्वानऊ. अशा खोलीत लांबीमुळे साधारण ३३ आणि ६७ हर्ट्झला, रुंदीमुळे ५७ला, उंचीमुळे ६२ला आवाज साठतो. तीन आकडे एकमेकांना खेटून! पुरुष गायकांच्या काळी एक पट्टीतल्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, ६९ हर्ट्झच्या आसपास बोलतो. बायकांच्या काळी पाचचा ११६ला, म्हणून तो सुटतो. माइक सोफ्यावर ठेवला तर ६७ला १० डेसिबलचा उंचवटा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, आणि तिथेच तो दाब सगळ्यात जास्त असतो.

सोफा तीन फूट पुढे ओढला. उंचवटा ४ डेसिबलवर आला. उरलेला इक्वलायझरने (ठरावीक स्वरांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) कापला. आलेखात ९० हर्ट्झजवळ खड्डाही आहे, तो भरायच्या फंदात पडलो नाही. तिथे भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजाला खातो, जोर वाढवला तर अँप्लिफायर तापतो आणि खड्डा तसाच. तीन फुटांची किंमत अशी, की बाल्कनीत कपडे वाळत घालायला जाणारा प्रत्येक जण आता माझ्या डोक्यामागून जातो. मुंबईच्या घरात हे सहज मिळत नाही, त्यासाठी मी भांडी घासायची पाळी घेतलीय.

म्हणजे साधारण ३०० हर्ट्झच्या वर आलेख सांगत होता तेच कानाला मिळालं: आवाजाचा पोत, हार्मोनियम आणि सारंगीतलं अंतर, सोफ्याच्या कडेला बसणाऱ्यालाही तेच गाणं. त्याच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीच जास्त वाजते. पखवाज किंवा सिनेमा मोठ्याने ऐकणाऱ्याने सबवूफरचे (फक्त खर्जासाठीच्या वेगळ्या स्पीकरचे) पैसे आधीच बाजूला ठेवावेत.

पावसाळ्यात एकदा डावा स्पीकर खरखरू लागला. स्पीकर निर्दोष होता, माझ्या उघड्या तांब्याच्या तारेवर हिरवा गंज चढला होता. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून बनाना प्लग (तारेच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या पिना) आणले, तारेची टोकं छाटून बसवले, विषय संपला.

गणपतीत मखरासाठी सोफा परत भिंतीला गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासरे आले, मी भीमसेनजी लावले होते. प्रसादाचा मोदक हातात तसाच धरून ते थांबले आणि म्हणाले, "आज पुन्हा फुगलाय." विसर्जनाच्या रात्री मिरवणुकीहून परत आलो आणि आधी सोफा ओढला.