दर बुधवारी पाच गोष्टी: '२००० एडी' या साप्ताहिकाबद्दल

मी डेली सोप लिहिते. रोजचा एपिसोड, प्रत्येक ब्रेकच्या आधी हुक, शेवटी कुणाच्या तरी चेहऱ्यावर फ्रीज. त्यामुळे हप्त्याहप्त्याने गोष्ट सांगणारं कुणी भेटलं की मी आधी बांधणी बघते. सध्या ज्या बांधणीवर माझा फार जीव आहे ती टीव्हीवरची नाही, एका ब्रिटिश कॉमिक्स साप्ताहिकाची आहे.

'२००० एडी'चा पहिला अंक फेब्रुवारी १९७७ मध्ये निघाला. तेव्हा २००० साल २३ वर्षं लांब होतं, म्हणून हे नाव भविष्यातलं वाटायचं. ते साल येऊन गेलं, त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या रिबेलियन या व्हिडिओ गेम कंपनीने साप्ताहिक विकत घेतलं, आणि अंक आजही निघतो. साधारण ३२ पानं, त्यात पाच विज्ञानकथा. बहुतेक क्रमशः, एकेका भागाला पाच-सहा पानं. अंकाला तिथे 'प्रॉग' म्हणतात. संपादक म्हणून थार्ग नावाचा हिरवा परग्रहवासी मिरवतो, आणि लेखक-चित्रकार म्हणे त्याचे रोबो. सुरुवातीला ब्रिटिश कॉमिक्सच्या रिवाजाप्रमाणे त्यांची नावंही छापत नसत. इथे ती पहिल्याच वर्षात छापायला लागले, हे मला फार मोलाचं वाटतं.

पाच-सहा पानांत काय होतं, याचं उदाहरण दुसऱ्याच अंकात आहे. जज ड्रेड तिथे पहिल्यांदा आला. मेगा-सिटी वन या अवाढव्य शहरातला हा पोलीस; तिथे पोलिसालाच 'जज' म्हणतात. पकडणारा तोच, निवाडा करणारा तोच आणि शिक्षा देणाराही तोच. व्हायटी नावाचा गुंड एका जजला मारतो, त्याचं हेल्मेट स्वतः घालतो. ड्रेड एकटा जाऊन त्याला पकडतो. आता गोळी घालणार असं वाटत असताना तो त्याला जन्मठेपेवर पाठवतो 'डेव्हिल्स आयलंड'वर. हे बेट समुद्रात नाही. प्रचंड हायवेंच्या मधोमध सोडलेला जमिनीचा तुकडा आहे, चहूबाजूंनी गाड्या सुसाट धावताहेत, रात्रंदिवस, न थांबता. भिंत नाही, पहारा नाही. रस्ता ओलांडून दाखव, एवढंच. घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. गुन्हा, पाठलाग, शिक्षा आणि एका अख्ख्या शहराची ओळख, सगळं पाच पानांत. आमच्याकडे एवढ्या वेळात सासूबाई जिना उतरतात.

दुसरी गोष्ट वयाची. मालिकेत आम्हाला पात्राचं वय वाढवायचं तर लीप घ्यावा लागतो. एका रात्रीत वीस वर्षं जातात आणि नायिकेच्या केसांत एक पांढरी बट येते. ड्रेड मात्र वाचकाच्या बरोबरीने वाढतो. त्याच्या गोष्टी २०९९ मध्ये सुरू झाल्या आणि आपलं एक वर्ष गेलं की तिथलंही एक वर्ष जातं. आज तो ऐंशीच्या घरात आहे. हेल्मेटखालचा चेहरा अजून नीट दिसलेला नाही, तरी तो थकलाय, आपल्याच कायद्याविषयी त्याला शंका येऊ लागल्यात, हे हनुवटीवरच्या सुरकुत्यांतून आणि दोन-तीन शब्दांच्या उत्तरांतून कळतं. जॉन वॅग्नर हे त्याचे जनक-लेखक. रूप चित्रकार कार्लोस एझ्केरांचं. ते फ्रँकोच्या हुकूमशाहीतल्या स्पेनमध्ये वाढले होते. ड्रेडच्या खांद्यावरचा गरुड शोभेसाठी नाही, त्या हुकूमशाहीची खूण आहे. ज्यांना तो नुसता हिरो वाटतो त्यांनी 'अमेरिका' वाचावी. १९९० मध्ये 'जज ड्रेड मेगझिन' या भावंड-मासिकात आलेली ही गोष्ट लोकशाही मागणाऱ्या एका स्थलांतरितांच्या मुलीची आहे, आणि तिच्यात ड्रेड सरळसरळ समोरच्या बाजूला उभा आहे. मी ती वाचून बराच वेळ दुसरं काही वाचू शकले नाही.

अंकातल्या पाचही गोष्टी चांगल्या असतात असं नाही. तीन जमल्या तर आठवडा छान गेला समजायचं. एखादी मालिका ऐन रंगात आली की 'पहिला खंड समाप्त' म्हणून थांबते आणि पुढचा खंड वर्षाने येतो, कधी त्याहून उशिरा. 'हॅलो जोन्स'चं तर कायमचं नुकसान झालं. लेखक ॲलन मूर आणि चित्रकार इयन गिब्सन यांनी १९८४ मध्ये एका साध्या, बेकार मुलीला नायिका केलं; बाजारातून सामान आणणं हेच तिचं पहिलं मोठं साहस. हक्कांच्या वादात ती तीन खंडांवर अडकली. ते तीन तरी वाचाच. आणि लिहिणाऱ्या-काढणाऱ्यांत बायका फार काळ नावापुरत्याच होत्या, हे या साप्ताहिकाचं खरं उणं आहे.

भारतातून घ्यायचं तर डिजिटल वर्गणी बरी. पीडीएफ किंवा सीबीझेड (कॉमिक्ससाठीची) फाइल मिळते, तिला कॉपीचं कुलूप नसतं, आपल्याकडे कायम राहते. फोनवर मात्र वाचू नका. दोन पानांवर पसरलेली चित्रं तिथे मारली जातात. टॅब किंवा लॅपटॉप हवा. कुठलाही अंक उचलून सुरुवात केलीत तर पाचपैकी चार गोष्टी मधूनच सुरू होतील आणि वैताग येईल. वर्षातून काही वेळा जाडजूड अंक काढून सगळ्या मालिका एकदम नव्याने सुरू करतात, वर्षअखेरचा अंक त्यातलाच. तो धरा. तोवर ड्रेडचे जुने संग्रह आहेतच, आणि पुस्तकरूपात ते सलग वाचता येतात. पण एका बैठकीत वीस भाग संपवू नका. हे भाग मध्ये आठवडा जाणार हे धरून लिहिलेले आहेत. रोज रात्री एक, एवढाच वेग ठेवलात तर शेवटच्या चौकटीतला हुक नीट लागतो.