लग्नाचं शूटिंग अन् खासरा पत्रकाचे स्कॅन: पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क की एम-डिस्क?

लग्नसराई संपली की स्टुडिओवाला छोट्या डबीत पेनड्राइव्ह देतो आणि ती डबी दागिन्यांसोबत लोखंडी कपाटात जाते. चोरापासून ती तिथे वाचेल, उन्हापासून नाही.

पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी (फिरती प्लेट नसलेला, चिपवर चालणारा ड्राइव्ह) या तिन्हींत माहिती म्हणजे चिपमधल्या बारीक कप्प्यांत, म्हणजे सेलमध्ये, कोंडलेला विद्युतभार, आणि तो हळूहळू झिरपतो. जुन्या एसएलसी चिपमध्ये भाराच्या २ पातळ्या ओळखायच्या असत. नंतरच्या टीएलसी चिपमध्ये ८, क्यूएलसीत १६. पातळ्या जवळ आल्या की थोड्या गळतीनेही वाचन चुकतं. पुन्हापुन्हा लिहून झिजलेला सेल आणखी लवकर गळतो.

उष्णतेचा हिशोब तर सरळ आहे. जेडेक या चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनुसार घरगुती एसएसडीने लिहिण्याची ठरलेली क्षमता संपल्यावरही, वीज न देता, ३० अंशांना १ वर्ष माहिती टिकवली पाहिजे. हा झिजलेल्या ड्राइव्हचा आकडा आहे. नवा बराच जास्त तग धरतो, त्यामुळे वर्षभरात सगळं पुसतं ही भीती नको. पण साठवणीचं तापमान ५ अंशांनी वाढलं की मुदत साधारण निम्मी होते. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा ४२-४३ वर असतो आणि पत्र्याच्या खोलीतलं कपाट दिवेलागणीपर्यंत तापलेलंच असतं. त्यापेक्षा माळवदाच्या घरातला कोनाडा बरा.

हे मानक एसएसडीचं आहे. पेनड्राइव्हला तेवढाही आधार नाही, स्वस्त मालात हलक्या चिपा असतात. काहींवर ६४ जीबी लिहिलेलं असतं आणि आत ८ जीबीच निघते. कॉपी झाल्याचं दिसतं, फाइल मात्र उघडत नाही. घेतल्या दिवशी एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून, पुन्हा वाचून बघा.

हार्ड डिस्कमध्ये माहिती चुंबकीय असते, ती अशी गळत नाही. तिचं दुखणं यांत्रिक: चालू असताना पडली की माहिती वाचणारं हेड फिरत्या प्लेटला घासतं. 'टक् टक्' आवाज आला तर पुन्हापुन्हा जोडू नका, नुकसान वाढतं. बऱ्याच अडीच इंची पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी सॉकेट थेट बोर्डावरच असतं, म्हणून वायर ओढू नका.

एम-डिस्क ही जास्त काळ टिकावी म्हणून बनवलेली डीव्हीडीसारखी तबकडी. तिच्यावर सेंद्रिय रंगाऐवजी खनिजासारखा थर असतो, त्यामुळे साध्या डीव्हीडीसारखी ती उजेडाने फिकी पडत नाही. पण डीव्हीडी प्रकारात मावते ४.७ जीबी, लिहायला एम-डिस्क चालणारा रायटर लागतो, आणि नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो.

तेव्हा २०० जीबीच्या शूटिंगसाठी दोन हार्ड डिस्क घ्या: एक घरात, दुसरी लेकीच्या सासरी. खरेदीखत, खासरा पत्रक अशा जमिनीच्या कागदांचे स्कॅन काही शे एमबीच असतात; ते दोन्ही हार्ड डिस्कवर ठेवाच, वर एम-डिस्कवरही. एसएसडी रोजच्या कामाला उत्तम, कपाटात ठेवायला नाही.

आत्ता पेनड्राइव्हच असेल तर होळीच्या आसपास, ऊन तापायच्या आधी, सगळं कॉम्प्युटरवर उतरवा. चार-दोन फाइली नव्हे, प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का पाहा. मगच पेनड्राइव्ह फॉरमॅट करून पुन्हा भरा. नुसता जोडून काढल्याने भार ताजा होईलच असं नाही, नव्याने लिहिल्यावर होतो. डबीवर मार्करने तारीख टाका.